थंडीतील परसबाग व तिचे पाहुणे



दिवाळीची सुट्टी संपवून आपण शाळेत परतता, तेव्हा भोर व वेल्हे (आताचा राजगड) ह्या तालुक्यांत भाताची कापणी उरकत आलेली असते आणि सकाळी नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी ह्या नद्यांच्या खोऱ्यांत धुके साचलेले असते. ह्याच दिवसांत शाळेच्या अंगणात राखी पाठीचा, पांढऱ्या तोंडाचा, चिमणीहून लांबट असा एक पक्षी शेपटी वरखाली हलवीत तुरुतुरु धावताना दिसू लागतो. त्यास धोबी म्हणतात. काही ठिकाणी परीट असेही म्हणतात. परिसर अभ्यासाचा पाठ असा पायाशी धावत असता आपण फळ्यावर पक्ष्याचे चित्र काढीत बसावे, ह्याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

हा पांढरा धोबी येथला रहिवासी नव्हे. हिमालय व त्यापलीकडील उत्तरेच्या प्रदेशात त्याची वीण होते. तो इकडे का येतो, असे विचारले तर मुले सांगतात, "तिकडे थंडी असते म्हणून." हे अर्धे उत्तर झाले. पक्ष्याने पिसे फुलविली म्हणजे त्यांत हवा कोंडते व ती हवा गोधडीसारखी अंगची ऊब राखते. तेव्हा निव्वळ गारठा पक्षी पुष्कळ अंशी सोसू शकतो. सोसवत नाही ती उपासमार. उत्तरेत जमीन बर्फाखाली गेली की किडे मिळेनासे होतात. आपल्याकडे मात्र भातखाचरांत पावसाची ओल टिकून असते, त्या ओलीत किडे असतात, आणि कापणीमुळे जमीन उघडी पडून ते सहज टिपता येतात. म्हणजे हा पाहुणा आपल्या खाचरावर जेवावयास येतो. एवढे मुलांच्या ध्यानी आले की धोबी बांधावर का दिसतो आणि दाट झुडपात का दिसत नाही, हे ती आपली आपण सांगू लागतात.

धुक्याचेही तसेच आहे. आकाश निरभ्र असलेल्या रात्री जमीन आपली उष्णता लवकर गमावते. तिच्या लगतची गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते व खोऱ्यात साठते. त्यामुळे रायरेश्वराच्या किंवा तोरण्याच्या सोंडेवरील वाडीतून येणारे मूल "वर ऊन होते, खाली गारठा आहे" असे म्हणाले, तर ते थट्टा करीत आहे असे समजू नये. त्याने पाहिले तेच सांगितले.

आता परसबागेकडे वळू. पोषण आहारासाठी बऱ्याच शाळांनी परसबागा केल्या आहेत. त्यांत शेवगा, पावटा, कोथिंबीर, टोमॅटो असतात. सकाळी प्रथम पावट्याच्या वेलाजवळ मुलांस उभे करावे. कोळ्यांची जाळी एरवी दिसत नाहीत. दवाने ती मोत्यांसारखी उठून दिसतात. फुलपाखरे पंख पसरून उन्हात स्वस्थ बसलेली आढळतील. त्यांच्या शरीरास स्वतःची ऊब राखता येत नाही, म्हणून अंग तापल्यावाचून त्यांना नीट उडता येत नाही. भिंतीवरील सरडा उन्हाकडे पाठ करून बसतो, तोही ह्याच कारणाने. शेवगा फुलला की शिंजीर मधासाठी येतो. शिंपी पक्षी पानांमागील अळ्या टिपतो. हरभऱ्याच्या शेतात घाटेअळीवर उपाय म्हणून शेतकरी पक्ष्यांना बसण्यासाठी आडव्या काठीचे थांबे रोवतात. तसा एक थांबा बागेतही रोवावा. कोतवाल त्यावर बसून किडे पकडू लागला, म्हणजे थांब्याचा उपयोग समजावून सांगण्याची गरज राहत नाही.

कौलांवर आणि दगडी गडग्यावर थिरथिरा दिसेल. त्याची विटकरी शेपटी सारखी थरथरते, हीच त्याची खूण. पूर्वेकडील ज्वारीच्या पट्ट्यात गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचे थवे उतरतात. नाव भोरशी जुळते म्हणून त्यांना भोरच्या समजू नये. त्यांची घरटी मध्य आशिया व पूर्व युरोपाकडे असतात.

येथे माझी एक चूक सांगावीशी वाटते. नोकरीच्या आरंभी मी एका दोनशिक्षकी शाळेत होतो. मी मुलांकडून निसर्गाची नोंदवही लिहवून घेत असे. धनगरवाड्यावरून येणारा एक मुलगा वर्गात फारसा बोलत नसे. मात्र त्याची वही भरलेली असे. त्याने जून महिन्यात "ओढ्यावर धोबी बघितला" असे लिहिले. धोबी हिवाळी पाहुणा असे मी शिकविले होते. म्हणून मी त्या ओळीवर लाल शाईने काट मारली व खाली "चूक" असे लिहिले. पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळले की काळ्या डोक्याचा, पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी हा बारमाही येथेच राहतो व ओढ्या-नदीकाठी वीण करतो. मुलाने पाहिले ते खरे होते. माझे ज्ञान अपुरे होते. त्या काटेनंतर त्याने वहीत काही लिहिले नाही, आणि मी त्याचे कारणही विचारले नाही.

म्हणून नोंदवहीबाबत माझी विनंती आहे की काट मारू नये. शंका आली तर "किती मोठा? पोट पिवळे होते की पांढरे? काय करीत होता?" असे विचारावे. पोट पिवळे असेल तर तो करडा धोबी असू शकतो. तो सप्टेंबरातच येऊ लागतो. मुलाने सांगितलेले गावचे नाव तसेच लिहावे, पुस्तकी नाव शेजारी घालावे. दिनांक, वेळ, जागा, पक्षी काय करीत होता व कोणी पाहिला, एवढे रकाने पुरेत. प्रार्थनेपूर्वी दहा मिनिटे पुरतात, आणि दुर्बिणीवाचून काही अडत नाही. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली व डॉ. सालिम अली ह्यांच्या जन्मदिनांमधला हा आठवडा असल्याने आरंभास तो सोयीचा आहे. परंतु नोंद सप्ताहाबरोबर संपू देऊ नये.

गलोलीचा प्रश्न सर्वत्र येतो. पक्षी मारण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे मुलांस सांगावेच. माझा अनुभव असा की, ज्याचा नेम उत्तम त्याची नजरही उत्तम असते. अशा मुलाकडे नोंदवही सोपवावी. पाण्याचे परळ रोज भरण्याचे कामही त्याच्याचकडे द्यावे.

मार्च-एप्रिलात धोबी दिसेनासा होतो. आल्याचा दिवस सर्वांच्या ध्यानात राहतो, गेल्याचा दिवस कोणी लिहीत नाही; कारण आज दिसला तो शेवटचा, हे त्या दिवशी कळत नसते. ह्यासाठी फेब्रुवारी लागल्यापासून "आज धोबी दिसला" किंवा "दिसला नाही" अशी नोंद रोज करावी, सुट्टीच्या दिवशीही एखाद्या मुलाने करावी. केंद्रातील शिक्षण परिषदेस येताना ही वही बरोबर आणावी. भोरच्या खोऱ्यातील शेवटचा दिनांक आणि केळद-पासलीकडील शेवटचा दिनांक शेजारी ठेवून पाहता येतील.