उन्हात उभी गाडी आणि शंभर टक्के चार्ज

मे महिना म्हटलं की अकोला, चंद्रपूर, जळगावकडे पारा ४५ च्या आसपास. अशा वेळी इलेक्ट्रिक कारवाल्यांचा एक प्रश्न हमखास येतो: "दादा, एवढ्या उन्हात चालवली तर बॅटरी लवकर जाईल का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. चालवण्यापेक्षा उभी ठेवण्याचा धोका मोठा. त्यातही फुल चार्ज करून दिवसभर उन्हात उभी केली, तर सगळ्यात वाईट.

असं का? गाडी बंद असली तरी लिथियम-आयन बॅटरीच्या आत बारीकसारीक रासायनिक क्रिया चालूच असतात. आतल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर हळूहळू जाड होत जातो आणि थोडं थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. तेवढी क्षमता गेली ती गेलीच. ढोबळ हिशोब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर त्याला आणखी जोर मिळतो. फोन चार्जिंगला लावून उन्हात ठेवायला आपण कचरतो ना, तसंच हे.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं. २०१२ च्या उन्हाळ्यात फिनिक्स भागातल्या निसान लीफच्या मालकांच्या लक्षात आलं, की एक-दोन वर्षांतच बॅटरीच्या क्षमतेच्या १२ पट्ट्यांपैकी काही गायब झाल्यात. थंड भागातल्या लीफना हा त्रास इतक्या लवकर झाला नव्हता. लीफच्या बॅटरीला लिक्विड कूलिंग नव्हतं. पुढे कंपनीने क्षमता घटण्यासाठी वेगळी वॉरंटी दिली आणि २०१५ च्या मॉडेलमध्ये उष्णता जास्त सोसणारी बॅटरी आणली.

आपल्याकडे नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांत लिक्विड कूलिंग आहे. पण गाडी बंद करून उन्हात सोडली की बहुतेक वेळा तेही थांबलेलं असतं. म्हणून सवयी महत्त्वाच्या:

१. रोजच्या वापराला ८० टक्के पुरे. लांब जायचं असेल तेव्हाच फुल करा, आणि तेही निघायच्या थोडं आधी पूर्ण होईल असं.

२. तुमची बॅटरी एलएफपी आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा. अशा बॅटरीला अधूनमधून १०० टक्के चार्ज करायला कंपन्याच सांगतात, म्हणजे गाडीला चार्जचा अंदाज नीट येतो. ते जरूर करा, पण भरलेली गाडी उन्हात दिवसेंदिवस सोडू नका.

३. चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे. दुपारी हायवेवरून तापून आलात, तर फास्ट चार्जर लावण्याआधी घाई नसेल तर गाडी थोडा वेळ सावलीत थांबू द्या.

४. पार्किंगला सावली शोधा. चार पावलं जास्त चालावं लागलं तरी चालेल.

५. सुट्टीत गावाला जाताय? गाडी ५०-६० टक्क्यांवर ठेवून जा.

आणि एक गोष्ट. उन्हाळ्यात रेंज कमी दिसली म्हणून लगेच घाबरू नका. एसी जोरात चालतो, त्यात चार्ज खर्च होतो. पावसाळ्यात ती रेंज परत येते. बॅटरी म्हातारी होते तेव्हा मात्र गेलेली रेंज परत येत नाही. हा फरक ओळखता आला पाहिजे, कारण इलेक्ट्रिक कारमधला सगळ्यात महागडा भाग बॅटरीच. उद्या गाडी विकायला काढाल, तेव्हा घेणारा आधी तिचीच तब्येत विचारेल.

जुनी ईव्ही घ्यायचा विचार असेल, तर किलोमीटरच्या आकड्यावर थांबू नका. गाडी कुठल्या गावात होती आणि दिवसा कुठे उभी असायची, हेही विचारा. दोन गाड्यांचं मीटर सारखं असेल, पण एकीने सगळे उन्हाळे बेसमेंटमध्ये काढले असतील आणि दुसरीने पत्र्याच्या शेडखाली.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी प्या, आणि गाडी सावलीत लावा!