वजनाचा काटा आणि कमरेचा करदोडा

“खात्यापित्या घरचा दिसतो!” असे कुणी म्हटले की आपल्याकडे ते अजूनही कौतुकच समजतात, आणि अंगाने बारीक माणसाला पाहून “याला कसला आला आहे मधुमेह!” असे म्हणून मोकळे होतात. वाचकहो, या दोन्ही समजुती फसव्या आहेत, आणि त्याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच मिळाला आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मधुमेहाचे अभ्यासक. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही अगदी सारखा, 22.3. पण अंगातील चरबी मोजली, तेव्हा युडकिनसाहेबांची 9.1 टक्के भरली आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात दोघांचे छायाचित्र या आकड्यांसह झळकले. काट्याला दोघे सारखे. आतला हिशेब मात्र निराळा.

याचे मूळ पाळण्याच्याही आधी सापडते. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी नवजात बाळे मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे स्नायूंनी रोडावलेली, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी जपून ठेवलेली. ज्या आया गरोदरपणी दूध, पालेभाजी, फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे थोराड निघाली, हेही तेथेच दिसून आले. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेच्या ताटात काय उरते, यावर पुढल्या पिढीची प्रकृती किती अवलंबून आहे पाहा!

अशा काटक शरीराला बांधीतले कष्ट होते तोवर निभावले. नागपूर-भंडारा रस्त्यावरचे, कन्हानकाठचे मौदा घ्या. हा धानाचा मुलूख. चिखलात वाकून रोवणी करणाराला दोन्ही वेळचा भात सहज जिरतो. पण आता मौद्याला औष्णिक वीजकेंद्र आहे, नागपूरची नोकरी आहे, दारात मोटारसायकल आहे. बांधी सुटली, भाताचा ढीग तेवढाच राहिला, की तो पोटावर दिसू लागतो.

पोटातील चरबी ही नुसती साठवण नव्हे. ती यकृतात शिरते, इन्शुलिनला दाद लागू देत नाही. मग रक्तातील साखर आणि रक्तदाब चढू लागतो. माणूस अंथरुणाला खिळत नाही, पण जगण्याची गोडी जाते. जिना चढताना धाप, मांडी घालून बसताना गुडघ्यात कळ, रात्री घोरणे अन् दिवसा पेंग. नातवाला कडेवर घ्यावेसे वाटते, पण कंबर नाही म्हणते!

म्हणून काट्याइतकाच करदोड्यावरही विश्वास ठेवा. तो दरवर्षी सैल करावा लागत असेल, तर तो काहीतरी सांगतो आहे. खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावी. आपल्याकडे पुरुषाला 90 व स्त्रीला 80 सेंटीमीटर ही धोक्याची खूण मानतात.

आणि काटा हलला नाही, तर हिरमुसू नका. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांवर चेन्नईस झालेला एक प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. सुमारे तीन वर्षांत, नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी शेकडा 55 जणांना मधुमेह जडला; नियमाने चालणारे व आहार सांभाळणारे यांच्यात हे प्रमाण शेकडा 39 राहिले. नवल असे, की या मंडळींचे वजन फारसे घटलेच नव्हते!

तेव्हा दिवाळीची करंजी अवश्य खा. एक खा, चवीने खा. भाताचा ढीग थोडा उतरवा, त्या जागी वरण-भाजी वाढवा. घरच्या लक्ष्मीचे ताट आधी वाढा. आणि फराळाचा डबा शेजारच्या आळीत पोचवायचा असेल, तर मोटारसायकल दारातच राहू द्या.