उगवत्याला नमस्कार... पण हिशेब कोणाचा?

मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि मराठीच्या तासाला कायम शेवटच्या बाकावर बसले. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या सगळ्यांचा आहे. रात्री मेसमधून रूमवर आल्यावर आपण ज्याच्यावर भांडतो, तोच!

परवा आमच्या रूममध्ये असंच झालं. मोबाइलवर बातमी होती की एका तरुण नेत्याकडे दिल्लीच्या बड्या लोकांच्या फेऱ्या वाढल्यात, २०२९ ला तो कोणाच्या बाजूने जाणार? माझी एक रूममेट म्हणाली, "हा ज्याच्याकडे गेला, तो जिंकला समज." दुसरी म्हणाली, "हट्! असे किती आले नि किती गेले." विषय वाढला, घरचे पक्ष निघाले आणि शेवटी दोघींचं बोलणंच बंद. दोन दिवस मी मध्ये पोस्टमन! "तिला सांग, लाइट बंद कर." निवडणुकीला अजून वर्षं आहेत आणि भांडण आजच.

म्हणून म्हटलं, आपण इंजिनिअर होणार आहोत ना? मग मशीन उघडून बघू. मोठ्या खुर्चीवर डोळा असलेले लोक उगवत्या नेत्याच्या मागे का लागतात, आणि त्यातून खरंच किती मतं निघतात?

सगळ्यात सोपं मशीन राष्ट्रपती निवडणुकीचं. तिथे तुम्ही-आम्ही मत देत नाही. निवडून आलेले खासदार आणि आमदार देतात, आणि त्यांच्या मताला किंमत ठरलेली असते. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५ कोटी ४ लाख १२ हजार. तिला २८८ आमदारांनी भागा, मग १००० ने भागा. उत्तर येतं १७५. म्हणजे आपल्या गोंदियाच्या आमदाराचं मत १७५, तिरोड्याच्या आमदाराचंही १७५, आणि पूर्ण विधानसभा ५०,४००. खासदाराच्या मताची किंमत २०२२ च्या निवडणुकीत ७०० होती.

आता बघा, इथे भेटीगाठींना अर्थ का असतो. मतदान गुप्त असतं आणि पक्षाला व्हिप काढता येत नाही, तरी आमदार बहुतेक वेळा नेत्याचं ऐकतात. म्हणजे नेता हलला की मतांचा गठ्ठा हलतो. २००७ मध्ये शिवसेना एनडीएमध्ये होती आणि एनडीएचा पाठिंबा भैरोंसिंह शेखावत यांना होता. पण बाळासाहेब ठाकरे यांनी मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला, आणि सेनेची मतं तिकडे गेली. २०१२ मध्ये पुन्हा तेच. प्रणव मुखर्जी मतदानाआधी मातोश्रीवर जाऊन बाळासाहेबांना भेटले होते. एका भेटीत किती मतं, हे दोघांनाही आधीच तोंडपाठ असणार! आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर धान मोजून, कट्ट्यात भरून, तोंड शिवून ठेवलेलं. फक्त गाडीत चढवायचं.

पण जिथे मत लोक देतात तिथे? तिथे हे मशीन अडकतं.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी आधी पक्षातच राज्याराज्यांत मतदान होतं, आणि साउथ कॅरोलायना हे त्यातलं सुरुवातीचं राज्य. तिथल्या निक्की हेली, आईवडील मूळचे पंजाबचे. २०१० मध्ये त्या गव्हर्नरपदासाठी उभ्या होत्या, फारसं कोणी ओळखत नव्हतं. तेव्हाच मिट रॉम्नी यांनी त्यांना पाठिंबा दिला. रॉम्नींना २०१२ ची निवडणूक दिसत होती! हेली जिंकल्या, एकदम देशभर नाव झालं, आणि डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी रॉम्नींना पाठिंबा जाहीर केला. उधारी फिटली. आणि जानेवारी २०१२ मध्ये साउथ कॅरोलायनात जिंकलं कोण? न्यूट गिंग्रिच. २०१६ मध्ये हेलींनी मार्को रुबिओंना पाठिंबा दिला, राज्य जिंकलं डोनाल्ड ट्रम्प यांनी. २०२४ मध्ये हेली स्वतः उभ्या राहिल्या, आणि आपल्याच राज्यात ट्रम्प यांच्याकडून हरल्या. ज्या लोकांनी त्यांना दोनदा गव्हर्नर केलं, त्यांनीच. म्हणजे हेली लोकांना आवडत होत्या, पण त्यांची मतं कट्ट्यात शिवलेली नव्हती.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं आम्हाला काय करायचं? मग घरचं घ्या.

नाना पटोले. पक्ष कोणताही असो, हे नाव आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पोरासोरांना माहीत. आधी काँग्रेसचे आमदार. तो पक्ष सोडून २००९ मध्ये भंडारा-गोंदिया लोकसभेला अपक्ष उभे राहिले. समोर प्रफुल्ल पटेल, केंद्रातले मंत्री. पटेल जिंकले, पण दुसऱ्या नंबरवर कोण? अपक्ष पटोले, दोन लाखांच्या वर मतं घेऊन! भाजप तिसरा. तिसऱ्या नंबरच्या पक्षाने काय करायचं ते सांगायला नको. त्याच वर्षी विधानसभेला पटोले साकोलीतून भाजपच्या तिकिटावर आमदार झाले. २०१४ मध्ये लोकसभेला त्यांनी प्रफुल्ल पटेलांना जवळजवळ दीड लाखाने हरवलं.

मग खरी गंमत सुरू झाली. शेतकऱ्यांच्या प्रश्नावर पटोले आपल्याच सरकारवर उघड टीका करू लागले. डिसेंबर २०१७ मध्ये, गुजरातच्या मतदानाच्या अगदी तोंडावर, त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. (निवडून आलेला सदस्य पक्ष सोडून दुसरीकडे गेला तर पक्षांतरबंदी कायद्याने त्याची जागा जाते. म्हणून राजीनामा आधी, उडी नंतर.) आता हे कुठे जाणार, हीच चर्चा चहाच्या टपरीपासून राईस मिलपर्यंत. त्याच महिन्यात राहुल गांधी काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते आणि २०१९ ची लढाई समोर होती. मोदींच्या पक्षातून बाहेर पडलेला, शेतकऱ्यांची बाजू घेणारा खासदार त्यांना नको असता तरच नवल! जानेवारी २०१८ मध्ये पटोले काँग्रेसमध्ये गेले आणि पुढे किसान काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

पण मतं गेली का सोबत? मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत भाजपची जागा गेली, राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे सुमारे ४८ हजारांनी जिंकले. तेव्हा सगळे म्हणाले, बघा, नानांची कमाल! एकच वर्ष थांबा. २०१९ मध्ये पटोलेंना काँग्रेसने नागपुरात नितीन गडकरींसमोर उभं केलं, तिथे ते दोन लाखांच्या वर मतांनी हरले. आणि भंडारा-गोंदियात भाजपचे सुनील मेंढे जवळजवळ दोन लाखांनी निवडून आले. तेच मतदार, तेच गाव. त्याच वर्षी साकोलीत मात्र पटोले स्वतः जिंकले आणि विधानसभेचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते पद सोडून प्रदेशाध्यक्ष झाले. आणि २०२४ मध्ये त्याच साकोलीत किती मतांनी जिंकले? फक्त २०८! आपल्या हॉस्टेलची एक विंग रिकामी झाली असती तर निकाल फिरला असता.

तेव्हा माझ्या रूममेटचं "हा जिथे गेला, तो जिंकला" हे गणित बसत नाही. पण दुसरीचं "किती आले नि किती गेले" हेही बरोबर नाही. पटोले गेले नाहीत, वर चढत राहिले. उगवत्या माणसाचा भाव अशा भेटीगाठींनी खरंच वाढतो. आणि बोलावणाऱ्याला मतं नाही तरी एक चेहरा आणि चार दिवस बातमी मिळते. दोघांचंही चांगलं होतं. मग प्रश्न उरतो तिसऱ्याचा. ज्यांनी मत देऊन त्याला उगवता केलं, त्यांचं काय?

हे मला पुस्तकात नाही, माझ्या आजोबांकडून कळलं. मे २०१८ मध्ये मी सातवीची परीक्षा देऊन गोरेगाव तालुक्यात आजोळी गेले होते. खासदारकीची जागा रिकामी झाली की सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावी लागते, म्हणून २८ मेला मतदान ठेवलेलं. आपल्या गोंदियाचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी मतदारसंघात बऱ्याच ठिकाणी व्हीव्हीपॅट मशीन बंद पडल्या, ४९ केंद्रांवर ३० तारखेला पुन्हा मतदान घ्यावं लागलं. आजोबा डोक्याला दुपट्टा बांधून गेले. दोन तासांनी परत आले, पाण्याचा लोटा तोंडाला लावला आणि म्हणाले, "मत त पाच सालासाठी देलो होतो. मंग चार सालातच पुन्हा लाइन कायले?"

मला तेव्हा हसू आलं. आता येत नाही. डिसेंबर ते मे, म्हणजे धान विकायच्या दिवसांपासून ते पुढच्या पेरणीच्या तयारीपर्यंत, आमच्या भागाचा लोकसभेत कोणी माणूसच नव्हता. राजीनामा शेतकऱ्यांसाठी होता असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांचा राग खरा असेलही. आजोबांनी २०१४ मध्ये त्यांनाच मत दिलं होतं आणि त्यांचा आदरही करत होते. पण त्या सहा महिन्यांत कोण कुठे जाणार हे सगळ्यांनी विचारलं. आमच्या धानाचं तिकडे कोण बोलणार, हे माझ्या कानावर तरी फक्त आजोबांकडून आलं.

१९ एप्रिल २०२४ ला मी पहिल्यांदा मत दिलं. बोटाला शाई लागली तेव्हा आजोबांची आठवण आली. ते आता नाहीत. म्हणून अशी बातमी दिसली की मी आता तीन प्रश्न विचारते. गरज कोणाला आहे, बोलावणाऱ्याला की जाणाऱ्याला? मतं मोजून शिवलेली आहेत, की मोकळी आहेत? आणि हा माणूस हलला तर त्याच्या मतदारांच्या हातात काय उरेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं टीव्हीवर मिळतात. तिसरं आपल्यालाच विचारावं लागतं, कारण ते विचारायला कोणी भेटीला येत नाही.

हे सगळं मी रूममध्ये वाचून दाखवलं. एक म्हणाली, "म्हणजे मीच बरोबर." दुसरी म्हणाली, "नाही, मी." पण निदान एकमेकींशी बोलल्या तरी! आता लाइट कोणी बंद करायचा, त्याची पोटनिवडणूक चालू आहे...