यंत्राच्या हाती दप्तर : स्वयंचलित संगणकप्रणाली आणि माहितीची गुप्तता

शासकीय कार्यालयातील कामाचा मोठा हिस्सा माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचा असतो. अर्जावरील नाव नोंदवहीत, नोंदवहीतील नाव तक्त्यात आणि तक्त्यातील नाव संकेतस्थळावरील रकान्यात, असा हा प्रवास. वर्षानुवर्षे तो लिपिकाच्या बोटांनी झाला. आता तेच काम संगणक स्वतः करू लागला आहे. त्यामुळे वेळ वाचतो, आकड्यांची अदलाबदल टळते आणि कर्मचाऱ्याला अर्जदाराशी दोन शब्द बोलण्याची सवड मिळते. तथापि, ज्या दप्तराची राखण आजवर माणसाच्या विवेकावर सोपविली होती, ते दप्तर यंत्राच्या हाती देताना कोणती दक्षता घ्यावयाची, ह्याचा विचार त्याच गतीने झालेला दिसत नाही.

स्वयंचलन म्हणजे काय?

संगणकावर आपण जी बटणे दाबतो, जे रकाने भरतो, त्या कृतींची क्रमवार यादी करून ती संगणकाकडून पुनःपुन्हा करवून घेणे, हे ह्या प्रणालींचे सूत्र होय. एक्सेलमधील ‘मॅक्रो’ हे त्याचे जुने व परिचित रूप. मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्च २०२१ मध्ये ‘पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप’ ही प्रणाली विंडोज १० वापरणाऱ्यांना वेगळ्या शुल्काविना उपलब्ध करून दिली. विंडोज ११ मध्ये तर ती अंगभूतच आहे. त्यामुळे संगणकशास्त्राचे शिक्षण नसलेला कर्मचारीही अशी कृतियादी तयार करू शकतो. ह्या यादीला ‘फ्लो’ असे म्हणतात.

समजा, एखाद्या तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांची यादी एक्सेल तक्त्यात आहे आणि ती संकेतस्थळावर भरावयाची आहे. फ्लो तक्ता उघडतो, संकेतस्थळावर प्रवेश करतो, एकेका ओळीतील नाव, आधार क्रमांक व बँक खाते योग्य रकान्यात भरतो आणि शेवटी अहवाल तयार करतो. माणसाला दोन दिवस लागणारे काम काही तासांत पुरे होते.

परंतु ह्या यादीत काय आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. ही योजना निराधार, विधवा, दिव्यांग, तसेच क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स यांसारख्या आजारांनी ग्रासलेल्यांसाठी आहे. त्यामुळे पात्रतेचे कारण दर्शविणारा एक रकाना गावातील एखाद्या स्त्रीचा आजार जगजाहीर करू शकतो. शाळेतील यादीतही विद्यार्थ्यांचे दिव्यांगत्व, जात, पालकांची परिस्थिती नोंदलेली असते. फुटलेला पासवर्ड बदलता येतो. चव्हाट्यावर आलेली आजाराची वार्ता परत घेता येत नाही.

पासवर्ड यादीत नको

माहिती कोठे उघडी पडते, हे पाहू लागल्यास पहिले ठिकाण स्वतः फ्लो हेच आढळते. संकेतस्थळावर प्रवेश करण्यासाठी पासवर्ड लागतो आणि काम लवकर उरकण्याच्या घाईत तो फ्लोमध्येच साध्या अक्षरांत लिहून ठेवला जातो. हा फ्लो शेजारच्या सहकाऱ्याला दिला की त्यासोबत पासवर्डही जातो. पॉवर ऑटोमेटमधील कृती निवडून त्यांची नक्कल केली, तर ती साध्या मजकुराच्या रूपात कोठेही, अगदी ई-मेलमध्येही, चिकटवता येते. तिजोरीची किल्ली तिजोरीलाच दोरीने बांधून ठेवावी, तसा हा प्रकार होय.

ह्यावर उपाय आहेत. मोठ्या कार्यालयांना पासवर्ड ठेवण्यासाठी अ‍ॅझ्युर की व्हॉल्ट किंवा सायबरआर्क यांसारखी स्वतंत्र भांडारे वापरता येतात. फ्लो गरजेपुरता पासवर्ड तेथून घेतो. लहान कार्यालयात इतकी व्यवस्था शक्य नसेल, तर फ्लो सुरू होताना एक चौकट उघडावी आणि कर्मचाऱ्याने पासवर्ड त्या वेळी स्वतः टंकावा. अक्षरे न दाखविणारी अशी चौकट पॉवर ऑटोमेटमध्ये तयारच मिळते. थोडी गैरसोय होते, परंतु पासवर्ड फ्लोमध्ये लिहून ठेवावा लागत नाही.

पडदा आणि कुलूप

फ्लो चालू असताना माहिती ज्या तात्पुरत्या कप्प्यांत ठेवली जाते, त्यांना ‘चल’ अथवा ‘व्हेरिएबल’ म्हणतात. असा चल ‘संवेदनशील’ म्हणून नोंदविण्याची सोय पॉवर ऑटोमेटमध्ये आहे. तसे केल्यावर फ्लोची चाचणी घेताना चलांच्या यादीत त्याचे मूल्य झाकलेले दिसते. मागे उभ्या असलेल्या व्यक्तीला आधार क्रमांक वाचता येत नाही. पासवर्ड, आधार क्रमांक व बँक खाते ज्या चलात येते, तो प्रत्येक चल असा नोंदविला पाहिजे.

मात्र ह्या सोयीचा अर्थ नीट समजून घ्यावा. हा पडदा आहे, कुलूप नव्हे. झाकलेल्या चलाचे खरे मूल्य प्रणालीतील सर्व कृतींना उपलब्धच असते. ते संदेशचौकटीत दाखविले तर उघडे दिसते, साध्या फाईलमध्ये लिहिले तर उघडे लिहिले जाते. शिवाय ही संवेदनशीलता वारशाने मिळत नाही. झाकलेल्या चलातील मूल्य दुसऱ्या चलात ठेवले वा यादीत मिळविले, तर तो नवा चल आपोआप झाकला जात नाही. त्याचीही स्वतंत्र नोंद करावी लागते. ‘एकदा खूण केली, आता निश्चिंत’ हा समज येथेच घातक ठरतो.

मागे उरणारे ठसे

माणूस अर्ज भरून उठला की त्याच्या मागे फारसे काही उरत नाही. यंत्र मात्र अनेक ठिकाणी ठसे ठेवते. फ्लो पुष्कळदा ‘क्लिपबोर्ड’मधून मजकुराची नक्कल करतो. विंडोजमध्ये क्लिपबोर्डचा इतिहास सुरू ठेवलेला असेल, तर नक्कल केलेल्या २५ पर्यंत गोष्टी तेथे साठून राहतात. म्हणून हा इतिहास बंद ठेवावा आणि काम संपताच क्लिपबोर्ड रिकामा करण्याची कृती फ्लोच्या शेवटी जोडावी. चूक शोधण्यासाठी घेतलेली पडद्याची छायाचित्रे, तात्पुरत्या फाईली व कामकाजाच्या नोंदी यांतही माहिती उतरलेली असते. त्या किती दिवस ठेवावयाच्या व कोणी नष्ट करावयाच्या, हे आधीच ठरविले पाहिजे.

अहवालाची फाईल हे सर्वांत दुर्लक्षित ठिकाण. एक्सेलमधील रकाना वा पान दृष्टीआड केले म्हणजे ते गेले, असा अनेकांचा समज असतो. ह्याची मोठी किंमत उत्तर आयर्लंडच्या पोलीस सेवेने मोजली. ऑगस्ट २०२३ मध्ये माहितीच्या अधिकारातील एका अर्जाला उत्तर म्हणून दिलेल्या एक्सेल फाईलमध्ये एक पान दृष्टीआड राहून गेले होते. त्यात ९,४८३ अधिकारी व कर्मचाऱ्यांची आडनावे, हुद्दे व नेमणुकीची ठिकाणे होती आणि ती फाईल इंटरनेटवर प्रसिद्ध झाली. तेथील माहिती आयुक्त कार्यालयाने २०२४ मध्ये ७ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. ही चूक माणसाची होती. यंत्राला सदोष फाईल पाठविण्याची सूचना मिळाली, तर ते तीच चूक दर महिन्याला न चुकता करील. म्हणून नको असलेली माहिती लपवू नये, काढूनच टाकावी. पानावर लावलेले ‘संरक्षण’ मजकूर सांकेतिक करीत नाही. त्यासाठी फाईल उघडण्यालाच पासवर्ड लावावा लागतो.

आपल्याकडेही ह्याचा अनुभव आहे. सुमारे २१० शासकीय संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते व आधार क्रमांक खुले राहिल्याची माहिती आधार प्राधिकरणानेच २०१७ मध्ये दिली होती. पुढे ती हटविण्यात आली.

दोन स्वाक्षऱ्यांचे मर्म

पंचायत सदस्यांनी एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावे. वित्त आयोगाच्या निधीतील रकमा ई-ग्रामस्वराज प्रणालीतून अदा करताना सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी अशा दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. एकाने केलेले दुसऱ्याने तपासावे, हे त्यामागील मर्म. दोघांच्या किल्ल्या आणि त्यांचे गुप्त अंक एकाच संगणकाच्या वा एकाच चालकाच्या स्वाधीन केले, तर कागदावर दोन स्वाक्षऱ्या राहतात, तपासणी मात्र नाहीशी होते. डिजिटल स्वाक्षरीच्या खासगी किल्लीवरील ताबा राखण्याची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार स्वाक्षरीधारकाचीच आहे. ती फ्लोकडे सोपविता येत नाही.

कायद्याची चौकट

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली आहे. माहिती बाळगणाऱ्यासाठी ह्या कायद्याने योजलेल्या इंग्रजी संज्ञेचा भावार्थ ‘विश्वस्त’ असा आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सायबर सुरक्षाविषयक घटना उघडकीस आल्यापासून ६ तासांत ‘सर्ट-इन’ ह्या केंद्रीय यंत्रणेला कळविण्याचे निर्देश एप्रिल २०२२ मध्ये देण्यात आले असून ते शासकीय संस्थांनाही लागू आहेत.

कार्यालयप्रमुखांनी काय करावे?

सुरुवात एका साध्या नोंदवहीने करता येईल. आपल्या कार्यालयात कोणते फ्लो व मॅक्रो चालतात, ते कोणी तयार केले, ते कोणती माहिती हाताळतात व कोणाच्या नावाने प्रवेश करतात, ह्याची नोंद असावी. कर्मचाऱ्याची बदली झाली की त्याचे प्रवेशाधिकार त्याच दिवशी रद्द व्हावेत. नवा फ्लो काल्पनिक नावांवर तपासावा, खऱ्या लाभार्थ्यांच्या यादीवर नव्हे. कामाला आधार क्रमांकाचे शेवटचे ४ अंक पुरत असतील, तर सर्व १२ अंक फ्लोला देऊ नयेत. आणि पडद्यावर रकाने भरणारा फ्लो संगणक खुला असतानाच चालत असल्याने, तो चालू ठेवून चहाला जाण्याची सवय सोडावी.

अर्जदार कार्यालयात येतो, तेव्हा आपला आजार, आपले वैधव्य, आपले दारिद्र्य तो एका माणसापुढे मांडतो. ते ऐकणाऱ्याने चार भिंतींबाहेर नेऊ नये, ही अपेक्षा जुनीच आहे. पुढील टंकलेखन माणूस करो वा यंत्र, ती अपेक्षा बदलत नाही. यंत्राला लाज नाही आणि विश्वासाची जाणीवही नाही. त्याला केवळ सूचना कळतात. त्या सूचनांत अर्जदाराची अब्रू सांभाळली जाईल, हे पाहण्याचे काम त्या सूचना लिहिणाऱ्याचे व त्यांना संमती देणाऱ्याचे आहे.