खरी परीक्षा रक्तात

लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास. एवढ्या खारट, अल्कधर्मी पाण्यातही बॅसिलस कुळातले जीवाणू सुखाने नांदतात. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागचे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव शोधून काढले. बुलढाण्यातल्या या विवराकडे प्रतिजैविकांचे शोधकही आशेने पाहतात. बॅसिलस आणि त्याचे भाऊबंद शेजारच्या जीवाणूंना मारायला पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, तयार करतात. १९४७ साली जगापुढे आलेलं पॉलिमिक्सिन याच भावकीतलं. आयसीयूत बाकीची औषधं हरली की डॉक्टर ते किंवा त्याचं भावंड कोलिस्टिन वापरतात. कोलिस्टिनची धार टिकावी म्हणून केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांसाठीचा त्याचा वापर बंद केला.

पेट्री डिशमध्ये पॉलिमिक्सिनच्या रेणूची कामगिरी चोख असते. त्याच्या अंगावर पाच धन प्रभार आणि एका टोकाला मेदाम्लाची शेपटी. प्रभार जीवाणूच्या ऋणभारित आवरणाला चिकटतात, शेपटी ते भेदून आत शिरते. पण रक्तात चिकटायला जागा अनेक. लिटरभर रक्तद्रवात अल्ब्युमिन हे प्रथिनच ३५ ते ५० ग्रॅम, औषध जेमतेम काही मिलिग्रॅम. अल्ब्युमिनवरही ऋण प्रभार असतो, शिवाय मेदाम्लं धरून ठेवणाऱ्या खोबणी. प्रथिनाला बांधलं गेलेलं औषध जीवाणूवर चालत नाही; मोकळं उरेल तेवढंच कामाचं.

त्यातही एक पेच आहे. जंतुसंसर्ग झाला की यकृत अल्फा-१ अ‍ॅसिड ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन जास्त बनवतं आणि पॉलिमिक्सिन बी नेमकं त्याला घट्ट बिलगतं. रुग्णाला औषधाची निकड असते तेव्हाच मोकळ्या औषधाचा वाटा घटू शकतो. डोस वाढवावा तर मूत्रपिंडाला धोका.

तरीही प्रथिनांना खलनायक ठरवणं मला पटत नाही. डॅप्टोमायसिन या प्रतिजैविकाचा सुमारे ९० टक्के भाग प्रथिनांना बांधलेला असतो. बांधलेला भाग मूत्रपिंडातून सहज गाळला जात नाही, औषध रेंगाळतं, म्हणून दिवसातून एकदा दिलं तरी भागतं. आपल्याच शरीरातलं एलएल-३७ हे जीवाणूनाशक पेप्टाइड रक्तातल्या अ‍ॅपोलिपोप्रोटीन ए-१ ला बांधलं जातं, तेव्हा आपल्या पेशींना होणारी त्याची इजा कमी होते.

म्हणूनच लोणारच्या चिखलातून नवं पेप्टाइड हाती आलं, तर त्याची मानवी सीरममधली चाचणी पुढच्या टप्प्यावर ढकलू नये. निम्मं सीरम मिसळलेल्या माध्यमात तेवढेच जीवाणू मारायला किती पट औषध लागतं, हे आधी मोजावं. आकडा फार चढला, तर शेपटी आखूड करणं किंवा एखादा प्रभार बदलणं तेव्हाच स्वस्तात जमतं.