फटीतून गेलेली वीज

रात्री फोन बिनतारी चार्जरवर ठेवायचा आणि सकाळी बघायचं तर बॅटरी होती तिथंच. फोन खराब नसतो, चार्जरही नाही. झोपेत धक्का लागून फोन बोटभर सरकलेला असतो, एवढंच. या बोटभर अंतराशी न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात दोन विद्युत अभियंत्यांनी आपल्या आयुष्याची अनेक वर्षं झुंज दिली: जॉन बॉइज आणि ग्रँट कोव्हिक.

बिनतारी वीज म्हटलं की निकोला टेस्ला आणि त्याचा न्यूयॉर्कजवळचा वॉर्डनक्लिफचा मनोरा आठवतो. त्या मनोऱ्याची कथा रंगतदार खरी, पण त्यातून कुणाच्या घरी दिवा लागला नाही. बॉइज यांची भूक फार लहान होती. जगाला वीज पाठवायची नव्हती; रुळावरून धावणाऱ्या ट्रॉलीला तारेपासून बोटभर फट ठेवून ती पोचवायची होती, बस्स.

तेवढंही सोपं नव्हतं. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन गुंडाळ्या एकाच लोखंडी गाभ्यावर बसतात, त्यामुळे एकीचं चुंबकीय क्षेत्र जवळपास सगळं दुसरीला मिळतं. मध्ये हवा आली की त्यातलं बरंचसं वाया जातं. यावर उतारा म्हणजे विजेची वारंवारता घरातल्या 50 हर्ट्झवरून 10 हजार हर्ट्झच्या घरात न्यायची आणि गुंडाळीला कपॅसिटर जोडून ती त्याच सुरात लावायची. सतारीच्या तरफांना कुणी हात लावत नाही, तरी वरची तार छेडली की त्या बोलतात, तसंच काहीसं.

पण मला बॉइज यांची खरी करामत दिसते ती पुढच्या पायरीत. एकाच तारेवर दहा ट्रॉल्या पळत असतील आणि त्यातली एक रिकामी उभी राहिली, तर तिची सुरात लावलेली गुंडाळी बाकीच्यांच्या वाटेतच अडथळा होऊन बसायची. त्यांनी काय केलं? त्या उभ्या ट्रॉलीची गुंडाळी स्विचने सरळ शॉर्ट केली. शॉर्टसर्किट म्हटल्यावर कुठल्याही वायरमनच्या पोटात गोळा येईल. इथं मात्र गुंडाळीतला प्रवाह तिच्या स्वतःच्याच प्रेरकत्वामुळे मर्यादेत राहतो आणि मुख्य तारेला ती ट्रॉली जणू दिसेनाशी होते. अँड्र्यू ग्रीन यांच्याबरोबर काढलेल्या या पद्धतीला 1994 साली अमेरिकी पेटंट मिळालं.

पहिलं मोठं गिऱ्हाईक जपानचं, कारखान्यांतली मालवाहतूक यंत्रणा बनवणारी दायफुकू कंपनी. मोटारींच्या कारखान्यांत छताखालून सांगाडे वाहून नेणाऱ्या ट्रॉल्यांना तोवर कार्बन ब्रश घासून वीज घ्यावी लागे. ब्रश झिजायचे, ठिणग्या उडायच्या, काळी भुकटी पडायची. मोटारीच्या कारखान्यात ही भुकटी चालून जाते. चिप आणि एलसीडी पडदे बनतात त्या स्वच्छ दालनांत धुळीचा कणही माल बिघडवतो. तिथं ही बिनस्पर्श वीज नुसती सोय राहिली नाही, गरज झाली. या कामाचा सर्वांत मोठा परिणाम मी तिथंच धरतो, आणि तो बाहेरच्या कुणाला दिसत नाही. रोटोरुआच्या गरम झऱ्यांच्या परिसरात पर्यटकांच्या बसगाड्या आणि वेलिंग्टनच्या बोगद्यात रस्त्यावरचे दिवे याच तत्त्वावर चालवून पाहिले गेले, ते त्या मानाने किरकोळ.

मोटारींचा अध्याय उशिरा आला आणि गाजला जास्त. गाडी जमिनीपासून वीतभर उंच असते आणि चालक ती रेघेत लावेलच असं नाही. म्हणजे पुन्हा सरकलेला फोनच, फक्त टनावारी वजनाचा. गोल पॅडचा दोष असा की गाडी व्यासाच्या साधारण 40 टक्के बाजूला गेली की वीज जवळजवळ थांबते. कोव्हिक, बॉइज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या दोन गुंडाळ्या पाठीला पाठ लावून ठेवल्या. क्षेत्राची कमान उंच झाली आणि गाडी थोडी तिरकी लागली तरी भागू लागलं.

पुढचे व्यवहार भराभर झाले. 2010 मध्ये या कामातून हॅलो आयपीटी कंपनी निघाली, 2011 मध्ये क्वालकॉमने ती घेतली. 2013 मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधानांच्या नावाचं 5 लाख डॉलरचं विज्ञान पारितोषिक बॉइज-कोव्हिक जोडीला मिळालं. 2017 मध्ये व्हर्सायजवळ 100 मीटरच्या चाचणी रस्त्यावर धावत्या गाड्यांना ताशी 100 किलोमीटर वेगात 20 किलोवॅटपर्यंत वीज देऊन दाखवली गेली. आणि 2019 मध्ये हे सगळं तंत्रज्ञान, पेटंटांसकट, एमआयटीतून निघालेल्या वायट्रिसिटीकडे गेलं. 2020 मध्ये 11 किलोवॅटपर्यंतच्या बिनतारी चार्जिंगचं प्रमाणही ठरलं. तरीही विजेवरच्या गाड्यांचे बहुतेक मालक आजही खाली उतरून केबल लावतात.

कारखान्यात फटीत काय येईल याची चिंता नसते. घरच्या पार्किंगमध्ये पॅडवर चॉकलेटचा चंदेरी कागद पडला तर तो तापतो, म्हणून तो ओळखणारे सेन्सर लागतात. आणि थंडीच्या रात्री गाडीखाली निवाऱ्याला येणारी मांजर ओळखणारे वेगळे.