दिवस भरण्याआधीच कळा का येतात?

देगलूरच्या उन्हाळ्यात गरोदर सुनेला लघवीला जळजळ झाली, की घरातली जाणती बाई म्हणते, ‘उन्हाळी लागली असंल, धन्याचं पाणी पी.’ पाणी प्यावंच. पण कारण जंतू असतील, तर तेवढ्यानं भागत नाही.

गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढतं गर्भाशय त्यांना दाबतं. लघवी साचते आणि जंतूंचं फावतं. हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. काही जंतू योनिमार्गातून थेट गर्भपिशवीच गाठतात.

अशा संसर्गानं दिवस भरण्याआधीच कळा येऊ शकतात. तरी त्या कळा जंतू आणत नाहीत, आईचं शरीर आणतं. जागल्यानं हाक दिली की अख्खं गाव उठतं, तशा पांढऱ्या पेशी जंतू ओळखून रसायनं सोडतात आणि मदत बोलावतात. या धावपळीत प्रोस्टाग्लँडिन वाढतं. दिवस भरल्यावर गर्भाशयाचं तोंड मऊ करून कळा आणणारं रसायन हेच! सोबतची विकरं बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचं आवरण कमकुवत करतात, ते फुटून पाणी जातं. ३७ आठवड्यांआधीची ही प्रसूती अकाली ठरते आणि बाळाची फुप्फुसं पूर्ण तयार झालेली नसू शकतात.

अकाली प्रसूतीला इतरही कारणं असतात. पण संसर्ग वेळेत सापडला, तर गरोदरपणात चालणारी प्रतिजैविकं आहेत. अनेकदा लघवीत जंतू असूनही जळजळ होत नाही, म्हणून तपासणीच हवी. २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते. घरच्यांनो, त्या दिवशी शेतातलं काम थांबवा आणि तिला घेऊन जा.